‘नपुंसक’ या एका शब्दात काय काय कोंबलंय?

काही वर्षांपूर्वी मधुमेहाच्या रुग्णांकडून भरून घ्यायचा एक दोन पानी फॉर्म मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. भाषांतर घरी बसून झालं. पण छापायला देण्याआधी तो दहा-बारा जणांकडून भरून घेऊन बघावा असं ठरलं, म्हणून एका सकाळी मी ओपीडीतल्या बाकावर जाऊन बसलो. पायाला मुंग्या येतात का, नजर अंधूक होते का, रात्री लघवीला किती वेळा उठता, अशा प्रश्नांवर लोक भराभर खुणा करत होते. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ होती : ‘नपुंसकत्व : आहे / नाही’. पन्नाशीतल्या एका गृहस्थांनी त्या ‘नाही’वर इतक्या जोरात खूण केली की पेनाचं टोक कागदात रुतलं.

थोड्या वेळाने समुपदेशकाने त्यांना आत बोलावलं. मी कोपऱ्यात बसलो होतो, त्यांची हरकत नव्हती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर समुपदेशकाने साधेपणाने विचारलं, “काका, जवळ जाता तेव्हा उभारी येते ना पहिल्यासारखी?” काका जमिनीकडे बघत म्हणाले, “दोन वर्षं झाली. येते न् लगेच जाते.” “मग इथे ‘नाही’ लिहिलंत?” “ते तसलं नव्हे मला,” काका म्हणाले. “दोन मुली आहेत की मला.”

काका खोटं बोलले नव्हते. चुकला होता तो माझा शब्द. दहा वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाची ही तक्रार डॉक्टरांना कळायलाच हवी होती, आणि माझ्या त्या एका शब्दाने ती अडवली होती. तेव्हापासून या विषयातले शब्द मी जिथे दिसतील तिथे थांबून बघतो. हा लेख त्याच शब्दांबद्दल आहे.

नपुंसक हा शब्द आपल्याला भेटतो शाळेत. तो घोडा, ती घोडी, ते शिंगरू. मूल, झाड, घर, पुस्तक हे सगळे नपुंसकलिंगी, आणि त्यात कुणाचाही अपमान नाही. ‘न’ आणि ‘पुंस्’, म्हणजे जो पुरुष नाही तो. व्याकरणात निरुपद्रवी असलेला हा शब्द माणसाला लावला की निवाडा होऊन बसतो. एका अवयवात एका ठरावीक वेळी पुरेसं रक्त भरलं नाही, एवढ्यावरून तो माणूस पुरुषच नाही असं ठरतं. गुडघा दुखतो म्हणून आपण कुणाला पांगळा म्हणत नाही, चष्मा लागला म्हणून आंधळा म्हणत नाही. इथे मात्र अवयवाची तक्रार थेट माणसाच्या नावाला चिकटते.

बाकीचे शब्द तर आणखी वाईट. ‘नामर्द’ फारसीतून आला, अर्थ तोच : मर्द नसलेला. ‘षंढ’ आता दवाखान्यापेक्षा सभांमध्ये आणि अग्रलेखांत जास्त ऐकू येतो. सरकार षंढ, समाज षंढ, म्हणजे भेकड आणि हातावर हात ठेवून बसलेला. रोज टीव्हीवर शिवी म्हणून ऐकलेला शब्द कोण स्वतःच्या केसपेपरवर लिहून घेईल? तृतीयपंथीयांसाठीचे शब्दही असेच शिवी म्हणून फेकले जातात. तृतीयपंथी असणं ही माणसाची ओळख आहे, ताठरतेची तक्रार ही तब्येतीची गोष्ट आहे, आणि दोन्ही एकाच शिवीत घातल्याने दोघांवरही अन्याय होतो.

एका शब्दात चार तक्रारी

काकांच्या उत्तरात खरी गोम होती ती “दोन मुली आहेत की” या वाक्यात. त्यांच्या लेखी नपुंसक म्हणजे ज्याला मूल होत नाही तो. दुसऱ्या कुणाच्या लेखी ज्याला इच्छाच होत नाही तो, तिसऱ्याच्या लेखी ज्याचं लवकर आटोपतं तो. मराठीत हा एक शब्द निदान चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि त्या चारींची कारणं, तपासण्या, उपचार सगळं वेगळं आहे.

इच्छा ही पहिली गोष्ट. जवळ जावंसं वाटणं किंवा न वाटणं. ती कमी होण्यामागे नैराश्य असू शकतं, टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची कमतरता असू शकते, काही औषधं असू शकतात, नाहीतर नुसता थकवा आणि घरातला ताण. दुसरी ताठरता : इच्छा आहे, पण लिंग ताठ होत नाही, किंवा होतं आणि टिकत नाही. तिसरी स्खलन. ते फार लवकर होणं म्हणजे शीघ्रपतन. हा शब्द मराठीत बऱ्यापैकी रुळला आहे, पण त्याचा आणि ताठरतेचा गोंधळ रोज होतो. वीर्य बाहेर आल्यावर लिंग सैल पडणं हा निसर्गक्रम आहे. ते लवकर झालं की माणूस म्हणतो, “उभं राहत नाही,” आणि मग भलत्याच गोष्टीची गोळी घेतो.

चौथी गोष्ट बीज. वीर्यात शुक्राणू आहेत की नाहीत, किती आहेत, हलतात का. यातली कमतरता मूल होण्याच्या आड आली तर त्याला म्हणायचं वंध्यत्व. ज्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही अशा पुरुषाची ताठरता अगदी ठणठणीत असू शकते, आणि ज्याला अजिबात ताठरता येत नाही त्याचे शुक्राणू उत्तम असू शकतात. डोळ्यांनी बघून किंवा स्वतःच्या अनुभवावरून बीजाबद्दल काहीही सांगता येत नाही, त्याला वीर्यतपासणीच लागते. मूल होत नसताना “माझ्यात काही कमी नाही, मला सगळं व्यवस्थित होतं” असं म्हणून जे नवरे तपासणी टाळतात आणि बायकोला एकटीला दवाखान्याच्या पायऱ्या चढायला लावतात, त्यांचा गोंधळ नेमका इथे आहे.

शब्दांच्या या सरमिसळीचं सगळ्यात मोठं नुकसान झालं ते नसबंदीत. गावाकडे ‘खच्ची करणं’ हे सगळ्यांना माहीत असतं. बैलाला औताला जुंपायचं तर आधी खच्ची करतात. त्यात वृषणांचं कामच संपवतात, म्हणून बैल शांत होतो आणि गाईकडे फिरकत नाही. पुरुषाची नसबंदी म्हणजे हेच, असा समज घट्ट बसला आहे. प्रत्यक्षात नसबंदीत शुक्रवाहिनी नावाची एक बारीक नळी कापून बांधतात. वृषण जागच्या जागी काम करत राहतात. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, ते वृषणांतून थेट रक्तात मिसळतं. वीर्याचा बहुतेक भाग पुढच्या ग्रंथींतून येतो, शुक्राणूंचा वाटा शंभरातला जेमतेम दोन ते पाच, त्यामुळे वीर्यही तेवढंच दिसतं. ताठरतेच्या रक्तवाहिन्या आणि चेतातंतू तर त्या जागेपासून दूर आहेत. एवढी साधी शस्त्रक्रिया, पण २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतात स्त्रियांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के निघालं आणि पुरुषांचं ०.३ टक्के. आणीबाणीतल्या सक्तीची आठवण त्यामागे आहे, बायकांवर ढकलून देण्याची सवयही आहे. पण “नपुंसक होईन” ही भीती आशाताईंना आजही दारोदार ऐकावी लागते.

जोर, ताकद, कमजोरी

आता ताठरता येते कशी ते बघू, कारण आपले रोजचे शब्द इथेही उलट्या दिशेने नेतात. “जोर नाही”, “ताकद कमी पडते”, “कमजोरी आली” असं म्हटलं की वाटतं, हा दंडासारखा एखादा स्नायू असावा, जो खुराकाने आणि व्यायामाने फुगेल.

लिंगात लांबीच्या दिशेने स्पंजासारखे दोन दंडगोल असतात. एरवी त्यांच्यातले बारीक स्नायू आवळलेले असतात, म्हणून आत थोडंच रक्त जातं. मन किंवा स्पर्श यांनी उद्दीपन झालं की चेतातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. त्याने ते आवळलेले स्नायू सैल पडतात. धमन्या रुंदावतात, स्पंजात रक्त धावतं, स्पंज फुगतो, आणि फुगताना बाहेर नेणाऱ्या शिरांना कडेच्या चिवट आवरणावर दाबून धरतो. रक्त आत आलं आणि आतच अडलं. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी आणि व्हॉल्व्हने ती धरून ठेवावी, तसं.

म्हणजे ताठरता येते ती आतले स्नायू सैल सोडल्यावर. जोर लावून ती येत नाही. जोर लावायला गेलं की उलट होतं : “आज जमेल ना?” या भीतीने ॲड्रेनॅलिन हे ताणाचं संप्रेरक वाढतं, ते स्नायू पुन्हा आवळतात, आणि रक्त जातं निघून. एकदा असं झालं की पुढच्या वेळी भीती दुप्पट. लग्नानंतरच्या पहिल्या काही रात्रींत हे किती तरुणांना होतं, आणि त्यातले किती जण महिनोन्‌महिने कुणाला सांगत नाहीत! भरलेलं घर, पातळ भिंती, दिवसभराचे विधी, अनोळखी जोडीदार आणि बाहेर मित्रांची थट्टा. अशा वेळी शरीर सैल पडेल तरी कसं? या मुलाला ‘कमजोर’ म्हणणं म्हणजे त्याच्या ॲड्रेनॅलिनमध्ये आणखी भर घालणं.

नायट्रिक ऑक्साइड हा शरीरात निरोप पोहोचवणारा रेणू आहे, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी २७ मार्चला अमेरिकेत सिल्डेनाफिल या औषधाला मान्यता मिळाली, जे व्हायग्रा या नावाने जगभर गेलं. त्याचा अभ्यास मुळात हृदयशूळासाठी सुरू होता. ते इच्छा निर्माण करत नाही, ताकदही देत नाही. नायट्रिक ऑक्साइडमुळे स्नायू सैल करणारा जो पदार्थ तयार होतो, त्याचं विघटन ते लांबवतं, एवढंच. उद्दीपनच नसेल तर गोळीला करायला काही उरत नाही. ‘ताकदीची गोळी’ हे नाव तिला म्हणूनच चुकीचं आहे.

शब्द बदलला तो १९९२ मध्ये

इंग्रजीतही आधी बराच काळ ‘इम्पोटन्स’ हाच शब्द होता. मूळ लॅटिन, अर्थ शक्तिहीनता. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयावर तज्ज्ञांची परिषद घेतली. परिषदेच्या नावातही ‘इम्पोटन्स’च होतं. पण तज्ज्ञांनी निष्कर्षात म्हटलं की हा शब्द अपमानकारक आहे, शिवाय त्याने नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही, तेव्हा यापुढे ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ म्हणावं. व्याख्या अशी केली : समाधानकारक संभोगाला पुरेल इतकी ताठरता येऊ न शकणं किंवा टिकवता न येणं.

या व्याख्येत माणसाच्या पौरुषाबद्दल एक अक्षर नाही. एका कामात अडचण आहे, एवढंच. ‘येणं’ आणि ‘टिकणं’ हे दोन टप्पे वेगळे केले, हेही फार महत्त्वाचं. काकांची तक्रार दुसऱ्या टप्प्याची होती.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत आणखी दोन अटी आहेत : तक्रार साधारण सहा महिने तरी टिकलेली हवी, आणि शंभरातल्या पंचाहत्तर ते शंभर वेळा घडणारी हवी. प्रवासातून आल्यावर, दारू प्यायल्यावर, भांडण झाल्यावर एखाद्या रात्री जमलं नाही, तर त्याला आजाराचं कुठलंच नाव लागत नाही. हे लोकांना सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरतं ते मी पाहिलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीतही हा बदल दिसतो. जुन्या, दहाव्या आवृत्तीत ही तक्रार दोन खणांत वाटलेली होती : मनाची असेल तर मनोविकारांत, शरीराची असेल तर जननेंद्रियांच्या आजारांत. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत तिच्यासाठी लैंगिक आरोग्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. “मनाचं की शरीराचं” या प्रश्नाला बहुतेक वेळा “दोन्ही” असंच उत्तर असतं, हे तिथे मान्य झालं.

नवा शब्द आला आणि त्यामुळे मोजमापही सोपं झालं. ‘नपुंसक’ माणूस असतो किंवा नसतो, अधलंमधलं काही नाही. ताठरता मात्र कमी-जास्त असू शकते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८७ ते १९८९ दरम्यान ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा अभ्यास झाला. त्यात ५२ टक्के पुरुषांना थोडीफार तरी अडचण होती : सौम्य १७, मध्यम २५ आणि पूर्ण १०. निम्म्यांना जी गोष्ट कधी ना कधी भेटते तिला शिवीच्या नावाने हाक मारून कसं चालेल?

डॉक्टर पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली वापरतात. गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारतात, एकूण गुण ५ ते २५. बावीस किंवा जास्त म्हणजे अडचण नाही, सात किंवा कमी म्हणजे तीव्र. त्याहून सोपी एक चार पायऱ्यांची पट्टी आहे, आणि आशियातल्या बऱ्याच ठिकाणी ती खाण्याच्या वस्तूंवरून समजावतात : लिंग मोठं होतं पण मऊच, ते टोफूसारखं, थोडं घट्ट पण प्रवेशाला न पुरणारं, ते सोललेल्या केळ्यासारखं, प्रवेशाला पुरतं पण पूर्ण कडक नाही, ते सालासकट केळं, आणि पूर्ण ताठ म्हणजे काकडी. टोफूच्या जागी आपल्याकडे पनीर म्हणा. ज्या माणसाला ‘ताठरता’ हा शब्द उच्चारताना घाम फुटतो, तो “सालाचं केळं” असं सहज सांगून जातो. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ज्या शब्दाने माणसाचं तोंड उघडतं तो चांगला शब्द.

केसपेपरवरचे शब्द

डॉक्टरांकडे गेल्यावर कानावर पडणारे काही शब्द दिशाभूल करू शकतात, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. ‘सेकंडरी’ म्हणजे दुय्यम किंवा किरकोळ नव्हे. आधी सगळं ठीक होतं, मग अडचण सुरू झाली, असा त्याचा अर्थ. ‘प्रायमरी’ म्हणजे पहिल्यापासूनच. ‘ऑरगॅनिक’चं मराठी काही जण ‘सेंद्रिय’ असं करतात. ते खताला ठीक, इथे ‘शारीरिक कारण असलेलं’ एवढं पुरे. ‘सायकोजेनिक’ म्हणजे मनाच्या मार्गाने आलेलं. त्याचा अर्थ “तुम्ही नाटक करताय” किंवा “डोक्यात बिघाड आहे” असा अजिबात नाही. वर सांगितलेलं ॲड्रेनॅलिन खरंखुरं असतं, आणि स्नायूही खरोखरच आवळतात.

डॉक्टर हमखास विचारतात, पहाटे उठताना ताठरता असते का. कारण निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. तेव्हा मन मधे नसतं. पहाटे येते पण जोडीदाराजवळ येत नाही, तर नळ्या आणि तारा ठीक आहेत, अडसर दुसरीकडे आहे, असा अंदाज बांधता येतो. १९८० च्या सुमारास यासाठी पोस्टाच्या तिकिटांची पट्टी वापरत. झोपताना ती लिंगाभोवती गुंडाळून चिकटवायची, सकाळी तिकिटांमधली छिद्रांची रेघ फाटलेली असली म्हणजे रात्री ताठरता आली होती. आता त्यासाठी यंत्रं आहेत.

पहाटेचीही हळूहळू कमी होत गेली असेल तर रक्तवाहिन्यांकडे बघायला हवं. लिंगाच्या धमन्या एक ते दोन मिलिमीटर व्यासाच्या, हृदयाच्या तीन ते चार. चरबीचा तोच थर दोन्हीकडे साचत असेल तर बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे ताठरतेची अडचण पुष्कळदा हृदयाच्या त्रासाच्या दोन-चार वर्षं आधीच दिसू लागते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू आणि सिगारेट हे यातले नेहमीचे सोबती. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही औषधांनीही ताठरता कमी होते. ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, पण डॉक्टरांना सांगावं, पर्याय असतात.

सुश्रुत आणि औरंगाबाद खंडपीठ

आपल्या परंपरेत या गोष्टीला शब्द नव्हते असं नाही. आयुर्वेदात शब्द आहे ‘क्लैब्य’. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला “क्लैब्यं मा स्म गमः पार्थ” म्हणतो ते हेच. म्हणजे शरीराची तक्रार आणि भित्रेपणा यांना एका शब्दात बांधायची सवय जुनीच. पण वैद्यांनी त्याचे प्रकार मात्र नीट पाडले. चरकसंहितेत चार : बीजाच्या दोषाने, ध्वजाच्या म्हणजे लिंगाच्या दोषाने, वार्धक्याने आणि शुक्रक्षयाने आलेलं. ‘ध्वजभंग’ हा शब्द तिथला. बीज आणि ध्वज वेगळे, हे तेव्हाही ठाऊक होतं. आपणच नंतर दोन्ही एका पोत्यात घातले. सुश्रुताने सहा प्रकार सांगितले, आणि त्यातला मानस क्लैब्य मला फार आधुनिक वाटतो : इच्छा असूनही मन दुखावल्याने किंवा नावडत्या स्त्रीच्या सहवासात येणारं.

हे वाचताना एप्रिल २०२४ मधला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा निकाल आठवतो. हिंदू विवाह कायद्यात, १९५५ पासून, नपुंसकता हे विवाह रद्द करण्याचं कारण आहे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कलम असं आहे की नपुंसकतेमुळे विवाहाची परिपूर्ती, म्हणजे नवरा-बायकोचा संभोग, झाली नसेल तर तो रद्द करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये स्पष्ट केलं होतं की शारीरिक किंवा मानसिक अवस्थेमुळे संभोग प्रत्यक्षात अशक्य होणं म्हणजे कायद्यातली नपुंसकता. ही व्याख्या नवरा आणि बायको दोघांनाही लागू आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मूल न होणं मात्र तिच्यात बसत नाही. औरंगाबादच्या प्रकरणात लग्नानंतर अगदी थोड्या दिवसांत वेगळं झालेलं तरुण जोडपं होतं. न्यायालयाने ‘सापेक्ष नपुंसकते’चा विचार केला, म्हणजे एरवी सक्षम असलेल्या माणसाला एका विशिष्ट व्यक्तीशी संबंध शक्य न होणं, आणि विवाह रद्द ठरवला. तिथे कुणीही कायमचा ‘नपुंसक’ ठरला नाही. कायद्यात शब्द जुनाच राहिला, पण त्यापुढे एक विशेषण लागलं आणि दोन तरुण माणसं मोकळी झाली.

भिंतींवरचे शब्द

एसटी स्टँडच्या मुतारीत, रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर एक वेगळीच परिभाषा रंगवलेली असते. गुप्तरोग, मर्दाना कमजोरी, धातुदौर्बल्य, स्वप्नदोष, बचपन की गलतियां. यातला एकेक शब्द साध्या गोष्टीला आजार करून विकतो. झोपेत वीर्य बाहेर येणं ही वयात आलेल्या मुलांची नेहमीची गोष्ट, तिला ‘दोष’ म्हटलं की पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःला रोगी समजू लागतो. ‘धात जाते’ म्हणून खंगत जाणाऱ्या तरुणांकडे पाहून मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं : वीर्य जाण्याने नव्हे, ते गेल्याच्या काळजीने येणारा अशक्तपणा.

लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतातच. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं असल्याचं जगभरच्या औषध नियामकांनी वेळोवेळी पकडलं आहे. हृदयरुग्ण जिभेखाली ठेवतात त्या नायट्रेटच्या गोळीसोबत ते पोटात गेलं तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. छातीत दुखून दवाखान्यात नेताना असली पुडी किंवा गोळी घेतली असेल, तर लाज बाजूला ठेवून पहिल्यांदा ते सांगायचं.

स्वच्छ मराठीत यावर बोलता येत नाही, हे मला पटत नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून हेच करत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, मासिक चालू राहिलं.

मग म्हणायचं काय? ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’चं ‘ईडी’ हे लघुरूप आपल्याकडे चालत नाही, ते ऐकताच छापे आठवतात. ‘स्तंभनदोष’ जड आहे आणि त्यात पुन्हा दोष आहेच. मी लिहिताना ‘ताठरतेची अडचण’ असं लिहितो. बोलताना समुपदेशकाचा ‘उभारी’ मला सगळ्यांत जवळचा वाटतो. पावसानंतर पिकाला उभारी येते, आजारातून उठलेल्या माणसाच्या मनाला उभारी येते. तो शब्द गेलेलं परत येण्याबद्दल बोलतो.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावरची ती ओळ आम्ही काढली. तिच्या जागी आलं : ‘गेल्या सहा महिन्यांत लिंगाला ताठरता (उभारी) येण्यात किंवा टिकण्यात अडचण आली का? कधीच नाही / कधी कधी / बऱ्याचदा / प्रत्येक वेळी.’ पुढच्या तपासणीला काका आले तेव्हा त्यांना नवा कागद दिला. त्यांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली, ‘बऱ्याचदा’वर बारीकशी खूण केली आणि कागद परत देताना विचारलं, “हे शुगरमुळं असतंय व्हय?”